दारू सुटली, मग घर लावायला घेतलं

ह्यांची दारू कशी सुटली, असं मला बाया विचारतात. त्याचं उत्तर थोडक्यात देता येतं: आधी धुळ्याचं सिव्हिल, मग व्यसनमुक्ती केंद्र, मग मीटिंगा. दारू सुटल्यावर घर परत कसं लागलं, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माझी खरी ताकद तिथंच गेली. पिणारा माणूस घरात असूनही नसतो, तेव्हा बाकीचे त्याच्याशिवाय जगायला शिकतात. तो परत आला की त्याला जागा लागते. ती कोणाची तरी काढूनच द्यावी लागते. आमच्याकडे ती माझी होती आणि मुलाची होती. म्हणून लिहितेय. ह्यांना सगळं वाचून दाखवलंय, त्यांची हरकत नाही.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. बाजार दोंडाईच्याचा. शेतात मुख्य पीक कपाशी, विहिरीला पाणी असेल तर थोडा गहू. मी अंगणवाडी सेविका आहे. हे शेती बघायचे आणि हंगामात जिनिंगवर ट्रॅक्टर चालवायचे.

आमच्याकडे पिणारेही श्रावण पाळतात. महिनाभर बाटलीला शिवायचं नाही, आणि पोळ्याला बैल धुऊन, सजवून, गावातून मिरवून आणले की संध्याकाळी पुन्हा सुरू. हे बरीच वर्षं श्रावण पाळत होते, आणि त्यालाच पुरावा म्हणायचे. जो महिनाभर सोडतो तो दारुडा कसा? मलाही ते पटायचं. पुढं सकाळी चहाच्या कपाला हात लावण्याआधी घोट लागायला लागला. कप बशीवर वाजायचा. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर कपाशी खाल्ली, आमची तर वेचणीलाही परवडेना. लोक म्हणतात नुकसानीमुळे प्यायला लागले. तसं नव्हतं. दारू आधीपासून होती, त्या वर्षी तिला सांगायला कारण मिळालं आणि ती दिवसभराची झाली.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तसे ह्यांनी एकदम बंद केली. पहिल्या दिवशी घाम, हातापायाला कापरं, पोटात अन्न ठरेना. आम्हाला वाटलं, बाहेर पडतेय दारू, पडू दे. तिसऱ्या रात्री हे उठून बसले आणि गोधडीवरून काहीतरी चिमटीत पकडून जमिनीवर टाकायला लागले. टाकायचं आणि अंगठ्यानं चिरडायचं. "हाई देख, बोंडअळी चढी राहिनी, तुले दिखत नही का?" भिंतीवर, मुलीच्या केसांत, माझ्या पदरावर, सगळीकडे त्यांना अळ्या दिसत होत्या. मुलीच्या केसांकडे हात गेला तशी ती किंचाळून बाहेर पळाली. शेजारच्यांनी बाहेरचं लागलंय म्हणून लिंबू उतरवलं. भगताला बोलवायला माणूस निघालाही होता. बांधावरून भांडण होऊन माझे जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, आमच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. ते आवाज ऐकून आले, ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि कोणाची जीप मिळते ते बघायला गेले. पहाटे आम्ही धुळ्याला होतो.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी मला नीट समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू म्हणजे ब्रेक दाबून ठेवलेली आणि तरीही पळावी म्हणून जोरात रेस केलेली गाडी. दारू हा ब्रेक. तो एकदम सोडला की गाडी उधळते. शेवटच्या घोटानंतर काही तासांत कापरं सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होतो. त्यात माणूस दगावतोही. म्हणून रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करायची नसते. डॉक्टर गोळ्या देऊन, त्या हळूहळू उतरवत नेतात. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मी आजही प्रत्येक बाईला सांगते. पिणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावाकडे अशक्तपणा दिसला की आधी सलाईनच लावतात. तेव्हा पेशंट रोज पितो हे लाज न धरता डॉक्टरांना आधी सांगायचं.

ह्यांचे हात दोन दिवस पलंगाला बांधलेले होते. त्याच आठवड्यात कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते, आणि तिच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. भाऊबंदकीतले सगळे एकत्र येऊन ते रोट खातात, बाहेरच्याला देत नाहीत. वेगळ्या चुली झाल्यापासून जेठांकडचे रोट वेगळे आणि आमचे वेगळे. मी सिव्हिलला होते, पण पुतणीनं नंतर सांगितलं. सासूबाई जेठांच्या घरी जाऊन सुपाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मना पोऱ्यानी मूठ पहिले घ्या." जेठांनी स्वतः मोजून घेतली. सोमवारी विसर्जन करून ते गंगाफळाची भाजी आणि रोट डब्यात घेऊन धुळ्याला आले. ह्यांना अजून धड शुद्ध नव्हती, पण भावानं भरवलेला तुकडा त्यांनी खाल्ला.

वॉर्डातून सुटी देताना डॉक्टर म्हणाले, अंगातली दारू गेली, आता सवयीचं काम बाकी आहे. जिल्ह्याबाहेरच्या एका केंद्रात जागा मिळाली. फॉर्मवर सही ह्यांनी स्वतः केली, कोणी उचलून नेलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हातपाय बांधून गाडीत टाकून नेणाऱ्या जागाही आहेत, आणि तिथून आलेला माणूस घरच्यांवर सूड धरून येतो. ह्यांच्या केंद्रात सकाळी प्रार्थना, व्यायाम, मग गटात बसून बोलणं, दुपारी स्वतःबद्दल लिहायचं. पहिले काही दिवस भेट नाही. नंतर ठरल्या दिवशी घरच्यांची मीटिंग, आणि तिला येणं सक्तीचं.

ती सक्ती मला आवडली नव्हती. पिणारे हे, आणि खाडा करून शिकवणी मी का घ्यायची? तिथले समुपदेशक पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात शिकलेले होते. 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं आणि त्यासाठी पहिला हात पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिला, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अनिताताईंनी पहिल्यापासून पेशंटबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात धरलं, असं ते सांगायचे. मीटिंगमध्ये त्यांनी मला विचारलं, "दिवसातला किती वेळ तुम्ही बाटली शोधण्यात घालवता?" मला उत्तर देता येईना. कापसाच्या ढिगात, कोठीत, मोटारीच्या पेटीत, संडासच्या पत्र्यावर मी शोधत असायचे. सापडली की ओतून द्यायचे, आणि जिंकल्यासारखं वाटायचं. ते म्हणाले, ह्यांचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालं नाही आणि तुमच्या पहाऱ्यानं थांबणारही नाही. कोणी तोंडावर असं म्हणण्याची मी किती वर्षं वाट बघत होते, ते तिथं रडू फुटल्यावर कळलं. कारण भावकीत सगळे दुसरंच म्हणायचे. बाई नोकरी करते म्हणून नवरा पितो.

दिवाळीच्या तोंडावर हे घरी आले. अंगावर मूठभर मांस आलेलं, चेहऱ्यावरची सूज गेलेली. गाव बघायला आलं. आणि मग अवघड काळ लागला.

कापसाचा पैसा एकदम येतो. व्यापारी खेड्यावर येतो, काटा लावतो आणि रोख मोजून देतो. पहिल्या वेचणीचा कापूस दिला तेव्हा हे स्वतः काट्याजवळ उभे राहिले, वजनावरून व्यापाऱ्याशी नीट भांडले, चिंध्या-कचऱ्याची कपात कमी करून घेतली. मला बरं वाटत होतं. मग व्यापाऱ्यानं नोटा मोजल्या, ह्यांना ओलांडून पुढं आला आणि माझ्या हातात दिल्या. त्याची ती जुनी सवय होती. मुलगा शेजारी उभा होता. हे काही बोलले नाहीत, शेताकडे निघून गेले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. मी मनात सगळे गुत्ते फिरून आले. आले तेव्हा पाय चिखलानं भरलेले होते. उशिरापर्यंत शेतात पाण्याची दारं धरत होते, आणि घराच्या दारातूनच म्हणाले, "मी काय आठे पाव्हना शे का?" मी इथं पाहुणा आहे का, असं.

मला राग आला होता. इतकी वर्षं मंगळसूत्र गहाण ठेवून मी हे घर चालवलं, बचत गटाचे हप्ते भरले, आणि दोन महिन्यांत ह्यांना तिजोरी पाहिजे? पण त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा हेही कळत होतं, की चावी कायमची माझ्याच कमरेला राहिली तर हे ह्या घरात कायमचे पेशंट राहतील. केंद्रात सांगितलं होतं की सुरुवातीचे महिने खिशात रोकड नको. ते बरोबरच होतं, पण ते महिने किती आणि नंतर काय, हे आमचं आम्हाला ठरवावं लागलं. आम्ही एक वही केली. कापसाचे पैसे दोघांच्या नावच्या खात्यात. खतं, औषधं आणि डिझेल ह्यांनी आणायचं, पावती वहीत लावायची. रविवारी दोघांनी बसून हिशोब वाचायचा. हिशोब तपासायचा नाही, वाचायचा. पहिल्या काही रविवारी मला ते जमलं नाही आणि भांडणं झाली. पावती नसली की माझ्या आवाजात जुनी धार यायची. वर्षभरानं वही ह्यांच्या अक्षरात भरायला लागली. आता सोसायटीचं कर्ज, पीक विमा सगळं तेच बघतात.

मुलाचं वेगळं होतं. बाप प्यायलेला असताना त्यानं गटारीजवळून उचलून आणलंय, तेही शाळेतल्या पोरांच्या देखत. फवारणीचा पंप तो पंधराव्या वर्षी पाठीवर घ्यायला लागला. कोणतं बी लावायचं ते तोच ठरवायचा. हे शुद्धीवर येऊन म्हणाले की यंदा तिकडच्या तुकड्यात मका लावू, तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "तुम्ही नव्हते तेव्हा मीच पेरलं ना?" आणि ताट सोडून उठला. ह्यांनी माफी मागितली, पुन्हा मागितली, रडले. प्रत्येक वेळी मुलगा आणखी लांब जायचा. फॉलोअपला गेलो तेव्हा समुपदेशकांनी ह्यांना माफी बंद करायला सांगितली. तुम्ही रडलात की त्याला तुमचं सांत्वन करावं लागतं, ते काम पोराच्या अंगावर टाकू नका. त्याला विचारून शेतात काम करा. मग हे मुलाला विचारायला लागले, आज कोणत्या सऱ्यांना पाणी? बापानं पोराला विचारायचं, हे आमच्या गावात दिसत नाही. भाऊबंद हसले. ह्यांनी सोसलं.

मुलगी लहान होती, ती काही बोलायचीच नाही. संध्याकाळी मोटारसायकलचं स्टँड लागल्याचा आवाज आला की दप्तर उचलून स्वयंपाकघरात माझ्यामागं येऊन बसायची. ह्यांची दारू सुटून कित्येक महिने झाले तरी तेच. ह्यांच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी आले की हे तिला नाव घेऊन मोठ्यानं हाक मारतात, "काय आणू वं, दुकानावरून?" असं काहीतरी. आवाज लडबडत नाहीये, हे तिला स्टँड लागायच्या आधी कळावं म्हणून. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. आता ती कॉलेजला जाते, तरी हाक चालू आहे.

एक गोष्ट बायका एकमेकींजवळही बोलत नाहीत, पण लिहिते. दारूबरोबर ह्यांना संशय लागला होता. सुपरवायझरबाईंबरोबर मीटिंगला गेले तरी कोणाबरोबर गेली होतीस, फोन कोणाचा होता. दारू सुटली की हे जाईल असं मला वाटलं होतं. काही महिने गेलं नाही. मी मुलीजवळ झोपायचे. शेवटी डॉक्टरांना दोघांनी मिळून सांगितलं. त्यांनी तो आजाराचाच भाग म्हणून धरला, औषध दिलं, आणि तो हळूहळू ओसरला. झोपही कितीतरी दिवस नव्हती, रात्री उठून गूळ खायचे. गोड खाण्याची ओढ बऱ्याच जणांना लागते म्हणे. नवरा-बायको म्हणून आम्ही जवळ आलो त्याला त्याहून जास्त वेळ लागला. मी घाई करू दिली नाही आणि त्यांनीही केली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात स्लिप झाली, म्हणजे हे पुन्हा प्यायले. खानदेशात थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या होतात. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, कळण्याची भाकरी, आणि बाजूला बाटल्या. जिनिंगवरच्या जुन्या माणसांनी बोलावलं. केंद्रातून येतानाच आम्ही ठरवलं होतं की प्यायलेले असाल तर त्या रात्री घरात यायचं नाही. हे आलेही नाहीत. जेठांच्या गोठ्यात झोपले आणि जेठांनीच मला निरोप दिला. पुढचे काही दिवस पिणं चाललं. ह्या वेळी मी बाटली शोधली नाही, सुटीचा अर्ज खोटं कारण देऊन भरला नाही, उधारी फेडली नाही. शिंदखेड्याच्या बाजूला ए.ए.ची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, मीटिंग भरते, तिथले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, त्यांना फक्त फोन केला. ते आले, गोठ्यात ह्यांच्याजवळ बसले, स्वतः कसे प्यायचे ते सांगत राहिले. उपदेश केला नाही. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, असेच एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ए.ए. उभी राहिली. तिथं फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, दारू सोडायची इच्छा असली की पुरते. आमच्याकडे ती एका शाळेच्या खोलीत, बाकांवर भरते. त्या आठवड्यापासून ह्यांनी मीटिंग चुकवलेली नाही. पेरणीच्या दिवसातही.

त्याच वेळी डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केलं. ते घेतल्यावर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी उतरतं. हे सकाळी चहाआधी माझ्यासमोर गोळी घ्यायचे, ते त्यांनीच ठरवलेलं. खोकल्याचं औषध, दाढीनंतरचं लोशन, ज्यात अल्कोहोल आहे ते सगळं बंद. माझ्याकडे बाया येतात त्या निम्म्या ह्या गोळीसाठीच येतात, चहात टाकून देता येईल का म्हणून. मी हात जोडून नाही म्हणते. माणसाला माहीत नसताना दिली आणि तो वरून प्यायला, तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. जाहिरातीतल्या बिनवासाच्या पुड्यांत काय असतं ते तर कोणी सांगतच नाही. त्यापेक्षा मी दोन नंबर लिहून देते, 14446 व्यसनमुक्तीचा आणि 14416 टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा. दोन्हीकडे मराठीत बोलता येतं, आणि नवरा यायला तयार नसला तरी बाईला स्वतःसाठी फोन करता येतो.

मुलगा आता नाशिकला कंपनीत आहे. बापाशी तो कामापुरतं बोलतो, ठिबकचं, कापसाच्या भावाचं, विहिरीच्या पाण्याचं. हे जास्त मागत नाहीत. जेठांच्या आणि आमच्या चुली वेगळ्याच आहेत, कानबाईचे रोट मात्र त्या वर्षापासून एका सुपात मोजतात.

यंदा मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात केली. ह्यांचं म्हणणं, मुलाकडच्यांना आपणच आधी सांगायचं, नंतर दुसऱ्यांकडून कळण्यात पोरीचं नुकसान. माझा विरोध होता. मुलीनं ह्यांची बाजू घेतली, म्हणून सांगितलं. एका ठिकाणाहून नंतर काही निरोप आला नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलाचे वडील ऐकून गप्प बसले, चहा झाला, आणि निघताना ह्यांना बाजूला घेऊन विचारलं की ती मीटिंग कुठं भरते, त्यांच्या धाकट्या भावाला न्यायचं होतं. ह्यांनी वार आणि वेळ सांगितली, आणि पहिल्या दिवशी मी स्टँडवर घ्यायला येतो म्हणाले. तो भाऊ आता बऱ्यापैकी नियमित येतोय. स्थळाचं बोलणं अजून चालू आहे.